लहान उद्योगधंदे आणि सरकारी साहाय्य : काही उपयुक्त माहिती

हुबळी-धारवाडच्या मराठी कुटुंबांतील होतकरू तरुणांपुढे नोकरीखालोखाल दुसरा मार्ग असतो तो लहानशा धंद्याचा. कोणी गोकुळ रोडवर दोन लेथ घालून मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवितो, कोणी शिवणयंत्रे मांडून शाळांचे गणवेश शिवतो, कोणी मसाल्याचा घरगुती उद्योग वाढवून त्याचा कारखाना करू पाहतो. अशा मंडळींच्या तोंडी सरकारी साहाय्याविषयी दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एक म्हणजे, सरकार लहान माणसाला काही देत नाही. आणि दुसरे, सरकार लाखो रुपये वाटते आहे, फक्त ओळख पाहिजे. ही दोन्ही मते अपुऱ्या माहितीवर बसलेली आहेत. सरकार काय देते, कोणत्या रूपाने देते आणि जे देते ते किती दिवस टिकते, याचा थोडा विस्ताराने विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उद्योगाला राज्यकर्त्यांचा हात लागतो ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करावयास घेतले. कारखाना मूळ धरतो न धरतो तोच बेळगावच्या नगरपालिकेला उपनगरासाठी ती जागा हवी झाली आणि किर्लोस्करांना तेथून उठावे लागले. त्या वेळी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळजमीन व १० हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिले. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती या आधारावर. एका सत्तेने जागा काढून घेतली, दुसरीने दिली. पंतप्रतिनिधींनी नांगर मात्र विकत घेऊन वाटले नाहीत, ते खपविण्याचे कष्ट किर्लोस्करांचेच होते, हेही या ठिकाणी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याआधीची आणखी एक गोष्ट तर आपल्या उंबऱ्यावरची. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्याखाली कणगिनहाळ येथे सहकारी पतसंस्था स्थापन झाली. हे गाव गदग तालुक्यात. तेव्हा तो धारवाड जिल्ह्यात मोडत असे. तेथे सरकारने पैसा दिला नव्हता. चार लोकांनी आपला पैसा एकत्र करून तो एकमेकांना द्यावा यासाठी कायद्याची चौकट तेवढी दिली होती. चौकट देणे हेही साहाय्यच, आणि कित्येकदा पैशापेक्षा ते अधिक टिकाऊ ठरते. याचा प्रत्यय पुढे येईल.

स्वातंत्र्यानंतर लहान उद्योगांचे धोरण आखले गेले त्यात एका मराठी अर्थशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. नियोजन मंडळाने १९५५ साली ग्रामोद्योग व लघुउद्योग यांच्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष पुण्याचे प्रा. द. गो. कर्वे होते. मोठ्या कारखान्यांनी निर्माण केलेला माल सर्वांनाच काम पुरवू शकणार नाही, सबब लहान धंद्यांना काही काळ संरक्षण द्यावे, पण त्यांचे तंत्रही सुधारत न्यावे, असा या समितीचा रोख होता. १९६७ साली ४७ वस्तू केवळ लघुउद्योगांनी कराव्या असे ठरले; ही यादी वाढत वाढत ८०० च्या वर गेली. नंतर ती उतरत आली आणि शेवटच्या २० वस्तू एप्रिल २०१५ मध्ये वगळण्यात आल्या. संरक्षण मिळाले, त्याबरोबर तंत्र सुधारावयाचे हा कर्वे समितीचा दुसरा अर्धा भाग मात्र पुष्कळांच्या हातून राहून गेला, असे मला वाटते.

आपला धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याने १९५९ साली वित्त महामंडळ, १९६० साली लघुउद्योगांसाठी महामंडळ आणि १९६६ च्या कायद्याने औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ काढले. औद्योगिक वसाहतींतील शेड, भूखंड व यंत्रांसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज या मार्गाने मिळू लागले. गोकुळ रोड, तारिहाळ, रायापूर, बेलूर ही नावे आज आपण सहज घेतो. त्यांच्या मागे ही यंत्रणा आहे. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे निघाली. धारवाड येथे १९९२ साली उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. तेथे धंदा कसा मांडावा याचे शिक्षण मिळते.

आता लहान म्हणजे किती लहान? २००६ च्या कायद्याने सूक्ष्म, लघु व मध्यम असे तीन वर्ग केले. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत व वार्षिक उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म होय. २५ कोटी व १०० कोटी ही लघूची, तर १२५ कोटी व ५०० कोटी ही मध्यमाची मर्यादा. गुंतवणूक व उलाढाल या दोन्ही कसोट्या पाळाव्या लागतात. निर्यातीची रक्कम उलाढालीत धरीत नाहीत. म्हणजे आपल्या ओळखीचे जवळजवळ सर्वच कारखानदार सूक्ष्म किंवा लघु या वर्गांत येतात.

नोंदणीस १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ असे नाव आहे. आधार व पॅन यांच्या आधारे ती संगणकावर होते आणि तिला एक पैसाही पडत नाही. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी स्थळे काढून शुल्क उकळणारे लोक आहेत. त्यांच्यापासून सावध राहावे.

भांडवलाच्या बाबतीत लोकांच्या मनात सर्वांत अधिक गोंधळ आहे तो अनुदानाविषयी. पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना २००८ साली सुरू झाली. २०२२ साली तिच्यात कारखान्यासाठी प्रकल्पाची कमाल मर्यादा ५० लाख व सेवाधंद्यासाठी २० लाख झाली. समजा, हुबळी शहरात सर्वसाधारण वर्गातील एका तरुणाने २० लाखांचा कारखाना योजला. त्याने स्वतःचे १० टक्के, म्हणजे २ लाख घालावयाचे. अनुदान १५ टक्के, म्हणजे ३ लाख. तोच कारखाना एखाद्या भगिनीने गरग गावी काढला तर तिने स्वतःचे एकच लाख घालावयाचे आणि अनुदान ३५ टक्के, म्हणजे ७ लाख. शहर आणि खेडे, पुरुष आणि स्त्री यांतील हे अंतर आपल्या घरांतून फारसे कोणाच्या ध्यानी आलेले दिसत नाही.

परंतु हे ३ किंवा ७ लाख कोणाच्या हाती येत नाहीत. बँक ते कर्जदाराच्या नावे तीन वर्षे निराळे ठेवते. त्यांवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. कारखाना चालू राहिला असे तपासणीत आढळले म्हणजे मगच ते कर्जात वळते होते. सबब प्रथम कर्ज मंजूर झाले पाहिजे, आणि ते बँक आपल्या हिशेबाने मंजूर करते. अनुदान मिळेल म्हणून धंदा काढणाऱ्याचा येथेच भ्रमनिरास होतो. ही योजना मुख्यतः नव्या धंद्यासाठी आहे. तिची ठरविलेली मुदत २०२५-२६ पर्यंतची होती. पुढील व्यवस्था जिल्हा उद्योग केंद्रात विचारून मगच अर्ज करावा.

दुसरी गोष्ट तारणाची. घर वडिलोपार्जित, उताऱ्यावर चार भावांची नावे, मग तारण काय देणार, ही आपल्याकडची नित्याची अडचण. रिझर्व्ह बँकेने २०१० साली लहान उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जास तारण मागू नये असे बँकांस बजावले. त्यावरील रकमेसाठी २००० साली केंद्र सरकार व लघुउद्योग विकास बँक यांनी मिळून एक हमी निधी काढला आहे. त्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत गेली. मात्र ही हमी बँकेस असते, कर्जदारास नव्हे. कर्ज बुडाले तर निधी बँकेचे नुकसान काही अंशी भरून देतो, पण बँकेने कर्जदाराकडे वसुलीस येऊ नये असा त्याचा अर्थ नाही. ‘सरकारने हमी घेतली आहे, आता फेडण्याची घाई काय’ असे बोलणे ऐकू येते म्हणून हे स्पष्ट लिहिले.

ज्यांचा धंदा हातावरचा आहे, शिंपी, सोनार, सुतार, लोहार, चांभार इत्यादी, त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना निघाली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत. शिक्षण, हत्यारांसाठी १५ हजार रुपये, आणि ५ टक्के व्याजाने प्रथम एक लाख व ते फेडल्यावर दोन लाख कर्ज, असे तिचे स्वरूप ठरले.

जागा झाली, भांडवल झाले. पण माल कोणी घ्यावयाचा? सरकारने गिऱ्हाईकही मिळवून द्यावे काय? या प्रश्नाचे उत्तर हुबळीतच बेंगेरी येथे पाहावयास मिळते, आणि ते विचार करावयास लावणारे आहे.

म्हैसूर राज्यात सामील होऊन बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, १ नोव्हेंबर १९५७ रोजी, काही गांधीवादी कार्यकर्त्यांनी हुबळीत कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ स्थापन केला. त्याच वर्षी केंद्राचा खादी व ग्रामोद्योग आयोग कामास लागला होता. खादी संस्थांना सरकारने अनेक परींनी हात दिला. विक्रीवर सूट दिली. २०१० पासून ती सूट बदलून उत्पादनखर्चाच्या प्रमाणात साहाय्य दिले. १९७७ पासून बँककर्जाचे व्याज संस्थेने ४ टक्केच भरावे व वरचे आयोगाने सोसावे अशी सोय केली. तथापि बेंगेरीच्या संघाला सर्वांत मोठा आधार मिळाला तो यांपैकी कशाचा नसून एका नियमाचा होता. राष्ट्रध्वज हातकताईच्या व हातमागाच्या कापडाचाच असला पाहिजे, हा तो नियम.

भारतीय मानक संस्थेचे पहिले मानक, क्रमांक १, राष्ट्रध्वजाचे आहे. ते १९५१ सालचे. सुताची ताकद, विणीतील धाग्यांची संख्या, रंगाची छटा, शिवण, चक्राची जागा, सर्व त्यात नेमून दिले आहे. मापे नऊ; सर्वांत मोठा ध्वज ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० बाय १००. बेंगेरीच्या संघाने २००४ च्या सुमारास ध्वजाचे काम हाती घेतले आणि २००६ साली त्यास मानकाचा परवाना मिळाला. बराच काळ देशात असा परवाना असलेली ही एकच संस्था म्हणून तिची ख्याती होती. बागलकोटकडे कापड विणले जाते, त्याचे भाग करून तीन रंगांत रंगविले जाते, पांढऱ्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी चक्र असे छापतात की एका बाजूचा आरा दुसऱ्या बाजूच्या आऱ्यावर तंतोतंत यावा. मग शिवण व तपासणी. या कामात बहुसंख्य स्त्रिया आहेत. दिल्लीच्या सरकारी इमारतींवर फडकणारा ध्वज आपल्या गावच्या बायांच्या हातचा, याचा हुबळीकरांस रास्त अभिमान आहे.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली. यंत्रावर केलेला व पॉलिएस्टरचा ध्वजही चालेल असे ठरले. पुढच्या ऑगस्टात घरोघरी तिरंगा लावण्याची मोहीम निघाली. त्यासाठी कोट्यवधी ध्वज हवे होते आणि हातमागावर तितके होणे शक्य नव्हते, ही सरकारची बाजू समजण्यासारखी आहे. यंत्राच्या ध्वजांनाही वस्तू व सेवा कराची माफी असल्याचा खुलासा जुलै २०२२ मध्ये झाला. ज्या स्वातंत्र्योत्सवात बेंगेरीत रात्रंदिवस काम चालावयाचे त्याच वर्षी संघाला दुरुस्तीच्या विरोधात निदर्शने करावी लागली. एक पॉलिएस्टरचा ध्वज थोड्या पैशांत मिळतो, खादीचा त्याच्या कित्येक पट महाग. गिऱ्हाईक कोणीकडे वळणार हे सांगावयास नको.

माझे मत असे की कारागिरांवर येथे अन्याय झाला. नियम बदलण्याचा सरकारला अधिकार आहे. पण साठ वर्षे ज्याच्या भरवशावर लोकांना कामास लावले तो नियम काढताना, सरकारी कचेऱ्यांपुरती तरी खादीच्या ध्वजाची खरेदी बांधून द्यावयास हवी होती. चरख्यावर बसणाऱ्या बाईला दुसरा धंदा शोधा म्हणणे सोपे असते. त्याचबरोबर, एकाच नियमावर आणि एकाच मालावर संसार उभारला म्हणजे लेखणीच्या एका फटकाऱ्याने तो डळमळतो, हेही आपल्या कारखानदारांनी या उदाहरणात पाहावे.

सरकारी खरेदीचा एक व्यापक नियम आहे तो वेगळा. २०१२ च्या धोरणानुसार केंद्र सरकारच्या खात्यांनी व उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीचा काही भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा. २०१८ साली तो भाग २५ टक्के झाला, त्यातील ३ टक्के स्त्रियांच्या उद्योगांकडून. हुबळीत रेल्वेचा मोठा कारखाना व विभागीय मुख्यालय आहे, तेव्हा हा नियम आपल्या दारातला आहे.

आता ज्या साहाय्याची माहिती फार थोड्यांना आहे त्याकडे वळू. लहान कारखाना कर्ज मिळाले नाही म्हणून क्वचितच बुडतो. तो बुडतो येणे वसूल न झाल्याने. माल गेला, चलनावर सही झाली, बिल लागले. आणि मग ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ असे करीत सहा महिने जातात. इकडे कामगारांचा पगार, विजेचे बिल आणि बँकेचे व्याज कोणासाठी थांबत नाही.

२००६ च्या कायद्याचे १५ वे कलम सांगते की सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे, आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू नये. करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार न केल्यास माल पसंत पडला असे कायदा धरून चालतो. नव्वद दिवसांची उधारी करारात लिहून घेतली तरी ती चालत नाही. मुदत टळली की १६ व्या कलमाप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. उदाहरणार्थ, बँक-दर ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के; २ लाख रुपये वर्षभर थकले तर व्याज सुमारे ३९ हजार होते.

हे पैसे मिळविण्यासाठी दिवाणी दाव्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. राज्य सरकारने नेमलेल्या सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०१७ पासून तो संगणकावरूनही करण्याची सोय झाली. परिषद प्रथम तडजोड पाहते, न जमल्यास लवाद होतो. गिऱ्हाईक मुंबईस असो की कलकत्त्यास, पुरवठादार जेथला तेथल्या परिषदेपुढे त्याला यावे लागते. निवाड्याविरुद्ध कोर्टात जावयाचे तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. वेळ काढण्यासाठी अपील करणाऱ्यांस ही अट जड जाते. कायद्यात ९० दिवसांची मर्यादा लिहिली आहे, व्यवहारात मात्र त्याहून पुष्कळ काळ लागतो, हे मान्य करावे लागेल.

एवढा चांगला कायदा असून लोक तो वापरीत का नाहीत? कारण उघड आहे. ज्याच्याविरुद्ध अर्ज करावयाचा तोच आपले सत्तर टक्के काम देणारा असतो. अर्ज केला की ऑर्डर बंद. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? ही भीती खोटी नाही, आणि कायदा करणाऱ्यांनी तिचा विचार प्रथम केला नव्हता. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकरातील तरतुदीने थोडा केला आहे. सूक्ष्म वा लघु कारखानदाराचे बिल मुदतीत न दिल्यास ती रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, गिऱ्हाइकाला आपला खर्च म्हणून दाखविता येत नाही. त्यावर कर पडतो. येथे पुरवठादाराला तक्रार करावी लागत नाही. गिऱ्हाइकाचा हिशेबनीसच मार्चअखेर मालकास आठवण देतो. काही मोठे खरेदीदार या कारणाने नोंदणी नसलेल्यांकडून माल घेऊ लागले अशी कुरकुर झाली, ती अगदीच निराधार नसावी.

दुकानदार बंधूंसाठी येथे एक खुलासा अवश्य आहे. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून ‘उद्यम’ नोंदणी मिळू लागली, ती बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. ४५ दिवसांचा लाभ त्यांना नाही. जो माल स्वतः तयार करतो किंवा सेवा देतो त्यालाच तो आहे. एकच माणूस दोन्ही करीत असेल तर हिशेब व बिले वेगळी ठेवावी.

नोंदणी केव्हा करावी यावरही वाद झाले. माल दिल्यानंतर केलेली नोंदणी मागील व्यवहारास लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने निराळे मत देऊन प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपविला. अशा वादात आपण सापडू नये यासाठी पहिले बिल फाडण्यापूर्वीच नोंदणी करून क्रमांक बिलावर छापून घ्यावा. परिषदेपुढे जाताना खरेदीची लेखी मागणी, माल पोचल्याची सही व तारीख असलेले चलन, बिल आणि पैशासाठी पाठविलेली स्मरणपत्रे लागतात. टेलिफोनवर मागितलेल्या मालाची दुसऱ्या दिवशी दोन ओळींच्या पत्राने खातरजमा करून घ्यावी, आणि चलनावर शिपायाची नुसती सही न घेता कंपनीचा शिक्का व तारीख मागावी.